गिअर जड पडतो, अडकतो, दुरुस्त करूनही परत तेच : गिअरबॉक्स उघडण्याआधी काय तपासायचं

तीन पावसाळे माझ्या गाडीच्या गिअरने मला छळलं. जुलै लागला की पहिला गिअर टाकताना लिव्हर मधेच थबकायचा, रिव्हर्स दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात पडायचा, आणि पसरणी घाटात वळणावर तिसऱ्यातून दुसऱ्यावर यायचं म्हटलं की मनगट दुखायचं. दिवाळीपर्यंत आपोआप बरं वाटायला लागायचं. दुसऱ्या वर्षी सप्टेंबरअखेर कंटाळून क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग असा पूर्ण सेट बदलून घेतला. गाडी एकदम छान चालायला लागली. पुढच्या जुलैत पहिले पाढे पंचावन्न.

क्लच बदलला म्हणून गाडी सुधारली नव्हती. पाऊस थांबला म्हणून सुधारली होती. हे माझ्या लक्षात यायला आणखी एक पावसाळा जावा लागला.

गाडी २०१४ची, पेट्रोल हॅचबॅक, पाच गिअर, केबलवर चालणारं शिफ्टिंग आणि हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारा क्लच. वाई ते पाचगणी रोज जाऊन-येऊन, म्हणजे गिअरला विश्रांती नाही. इंजिन आडवं बसवलेल्या, पुढची चाकं ओढणाऱ्या बहुतेक लहान गाड्यांना पुढचं सगळं लागू पडेल. तुमच्याकडे असाच त्रास वारंवार येत असेल, तर गिअरबॉक्स उतरवायला होकार देण्याआधी एक रविवार या तपासणीला द्या.

हातापासून दात्यांपर्यंत

लिव्हर जड लागतो म्हणजे गिअरबॉक्स खराब, असं आपण धरून चालतो. पण हात आणि गिअरचे दाते यांच्यामध्ये बरंच काही असतं. लिव्हर खाली प्लॅस्टिकच्या वाटीत एका गोळ्यावर फिरतो. तिथून दोन केबल निघतात. एक लिव्हर डावी-उजवीकडे नेल्यावर हलते आणि कोणती जोडी ते ठरवते, म्हणजे १-२, ३-४ की ५. दुसरी पुढे-मागे नेल्यावर हलते आणि प्रत्यक्ष गिअर टाकते. या केबल वळसा घेऊन इंजिनाच्या बाजूला गिअरबॉक्सवरच्या छोट्या दांड्यांना जोडलेल्या असतात. दांड्या आतला सिलेक्टर शाफ्ट हलवतात, शाफ्ट फोर्कला ढकलतो, फोर्क स्लीव्हला सरकवतो, आणि स्लीव्ह सिंक्रो रिंगमधून पुढे जाऊन गिअरच्या दात्यांत बसते.

जुन्या जीपमध्ये लिव्हर थेट गिअरबॉक्समध्ये उतरायचा, म्हणून हाताला लोखंडाला लोखंड लागल्यासारखं कळायचं. आपल्या गाड्यांत तो निरोप दोन लांब केबलमधून फिरून येतो. त्यामुळे तसा रोखठोक फील या गाड्यांत मिळणार नाही, ती अपेक्षा ठेवू नका. पण नवी असताना गाडी जशी होती तशी परत होऊ शकते.

सिंक्रोबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण ते समजलं की निम्मं निदान हातालाच होतं. गिअर बदलताना दोन फिरत्या भागांचे वेग वेगळे असतात. सिंक्रो रिंग, बऱ्याच गाड्यांत पितळी, आधी गिअरच्या उतरत्या शंकूवर घासते, तिच्यावरच्या बारीक रेघा मधलं ऑइल बाजूला सारतात, घर्षणाने वेग जुळतो आणि मगच ती स्लीव्हला वाट देते. निरोगी गाडीत लिव्हर पुढे सारताना क्षणभर हलका विरोध जाणवतो आणि मग तो अलगद आत ओढला जातो. तो क्षणभराचा विरोध म्हणजेच सिंक्रोचं काम. मोटारीत ही सोय पहिल्यांदा १९२८मध्ये कॅडिलॅक या अमेरिकन कंपनीने आणली. त्याआधी, आणि अवजड गाड्यांत नंतरही कितीतरी वर्षं, वेग जुळवायचं काम चालकाच्या पायाचं होतं. जुन्या ट्रकचे आणि एसटीचे चालक डबल क्लच मारायचे ते याचसाठी. ती जुनी सवय आज निदानाला कशी उपयोगी पडते ते पुढे येईल.

आधी वही, मग पाना

परत परत येणाऱ्या दुखण्याचं सगळ्यात मोठं साक्षीदार म्हणजे ते कधी येतं ही वेळ. आठ-दहा दिवस मोबाइलमध्ये नोंद ठेवा. सकाळी पहिल्या दोन-तीन किलोमीटरमध्येच जड आणि मग मोकळा होतो? सिग्नलला अर्धा तास रांगेत अडकल्यावर, इंजिन तापल्यावर जड होतो? फक्त पावसात? एकाच गिअरला की सगळ्यांना? गाडी उभी असताना की पळताना?

मी नोंद ठेवली तेव्हा एकाच तक्रारीत दोन दुखणी निघाली. पावसाळ्यातली जडपणाची तक्रार सगळ्या गिअरना होती आणि इंजिन बंद असतानाही होती. डिसेंबर-जानेवारीत मात्र फक्त दुसरा गिअर, तोही सकाळी, आणि घाट चढून पाचगणीला पोचेपर्यंत गायब. मी या दोन्हींना इतके दिवस ‘गिअरचा प्रॉब्लेम’ असं एकच नाव दिलं होतं, आणि गॅरेजमध्येही तेच एक वाक्य सांगत होतो. समोरचा माणूस तरी काय करणार?

घराच्या अंगणात होणाऱ्या चाचण्या

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. इंजिन बंद. क्लच दाबून सगळे गिअर एकेक करून टाका. एखादा आत गेला नाही तर घाबरू नका, दात्यावर दाता आलेला असू शकतो. न्यूट्रलवर येऊन पुन्हा प्रयत्न करा. आता इंजिन चालू करून तेच करा.

बंद असताना सगळे गिअर मोकळे आणि चालू केल्यावर जड, तर संशय क्लचवर. म्हणजे पेडल तळाला जाऊनही इंजिन आणि गिअरबॉक्स पूर्ण सुटे होत नाहीत. बंद असतानाही जड, तर केबल, लिव्हरखालची वाटी किंवा सिलेक्टर शाफ्ट. उभ्या गाडीत दोन्ही वेळा मोकळे आणि पळताना एखाददुसरा गिअर कुरकुरतो, तर ऑइल किंवा त्या गिअरचा सिंक्रो.

दुसरी चाचणी रिव्हर्सची. इंजिन गरम, न्यूट्रलमध्ये, क्लच पूर्ण दाबा आणि मनात चार-पाच आकडे मोजा. मग रिव्हर्स टाका. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो, त्यामुळे क्लच दाबल्या दाबल्या टाकला तर खर्रर्र आवाज येणारच, तो दोष नाही. पण पाच मोजूनही खरखर येत असेल, तर क्लच सुटत नाही. आतला शाफ्ट थांबायला हवा होता, तो अजून फिरतोय.

तिसरी चाचणी रिकाम्या रस्त्यावर, पळत्या गाडीची, तीच एसटीवाली. तिसऱ्यातून दुसऱ्यावर येताना क्लच दाबून न्यूट्रल करा, क्लच सोडा, ॲक्सिलरेटर किंचित दाबून इंजिनाचा वेग वाढवा, परत क्लच दाबून दुसरा टाका. असं केल्यावर गिअर अलगद पडला, पण नेहमीच्या पद्धतीने जड पडतो किंवा खरखरतो, तर सिंक्रो किंवा त्याच्या अंगावरचं ऑइल कमी पडतंय, कारण डबल क्लचमध्ये तुम्ही त्याचं काम पायाने करून दिलंत. डबल क्लच करूनही लिव्हर तितकाच जड, तर दुखणं सिंक्रोच्या अलीकडचं, बाहेरचं.

दिशाही बघा. १, ३, ५ हे पुढे जाणारे गिअर अर्धवट बसतात आणि २, ४ व्यवस्थित, किंवा उलट, असं असेल तर पुढे-मागे नेणाऱ्या केबलचं सेटिंग सरकलंय. पहिला शोधताना तिसरा लागतो, पाचवा सापडतच नाही, असं असेल तर डावी-उजवीकडची केबल. हे गॅरेजमध्ये या शब्दांत सांगितलंत तर काम निम्मं होतं.

क्लच : आधी पायाखाली बघा

माझ्या आतेभावाने दिवाळीत गाडी घेतली आणि त्याच आठवड्यात जाड, गादीसारखं सेव्हन-डी मॅटिंग बसवून घेतलं. महिन्याभरात तक्रार सुरू, रिव्हर्स टाकताना खरखर, पहिला गिअर जड. कोणीतरी क्लच प्लेट सांगितली, सहा हजार किलोमीटर चाललेल्या गाडीची! मी त्याला म्हटलं, “दादा, आधी पेडल हाताने दाबून बघू.” पेडल जमिनीला टेकायच्या आधीच मॅटला टेकत होतं. मॅटची कड पेडलखालून बाजूला केली, गिअर मोकळा. पायाने हे कळत नाही, कारण पायाला ‘तळ लागला’ असंच वाटतं. म्हणून खाली वाकून हाताने बघायचं. घट्ट बसवलेल्या जाड मॅटला मी अजूनही सगळ्यांना विरोध करतो. आणि मॅट सरकून ॲक्सिलरेटरखाली अडकलं तर प्रश्न नुसता गिअरचा राहत नाही.

मॅट ठीक असेल तर पेडल भराभर तीन-चार वेळा पंप करा आणि लगेच गिअर टाका. पंप केल्यावर मोकळा पडतो आणि एरवी नाही, तर हायड्रॉलिक लाइनमध्ये हवा आहे किंवा मास्टर (पेडलकडचा) अथवा स्लेव्ह (गिअरबॉक्सकडचा) सिलिंडरचं रबर गळतंय. टॉर्च घेऊन पेडलच्या वरच्या टोकाशी, जिथे दांडी भिंतीत शिरते, तिथे बोट फिरवा. ओलं लागलं तर मास्टर सिलिंडर गेला. बऱ्याच गाड्यांत क्लच आणि ब्रेकच्या ऑइलची बाटली एकच असते, म्हणून पातळी उतरत असेल तर दोन्हीकडे बघा, आणि या कामात चालढकल करू नका. हे ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, त्यामुळे साधारण दोन वर्षांनी बदललेलं बरं. पातळी दिसतेय म्हणून ते चांगलं आहे असं होत नाही. गाडीच्या रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग खातं.

केबलचा क्लच असेल तर पेडलचा मोकळा प्ले गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापाएवढा आहे का बघा. प्ले फार वाढला तर क्लच पूर्ण सुटत नाही, अजिबात उरला नाही तर प्लेट घसरते आणि घाटात जळका वास येतो.

माझ्या गाडीत क्लचमध्ये काहीच नव्हतं. पाच मोजल्यावर रिव्हर्स अलगद पडत होता. ही चाचणी आदल्या वर्षी केली असती तर पूर्ण सेटचे पैसे वाचले असते.

केबल आणि बुश : माझं दुखणं इथे होतं

बॉनेट उघडा. बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्सची केबलवाली बाजू बॅटरी किंवा एअर फिल्टरच्या डब्याखाली असते, तो डबा काढावा लागतो. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला. घरातल्या कोणाला तरी आत बसवा आणि लिव्हर हळूहळू पुढे-मागे करायला सांगा. तुम्ही फक्त बघत राहा.

लिव्हर हलला की गिअरबॉक्सवरची दांडी त्याच क्षणी हलली पाहिजे. माझ्याकडे मुलगी आतून म्हणत होती, “बाबा, हलवतेय ना!” आणि दांडी अजून जागच्या जागी. लिव्हर दोन बोटं सरकल्यावर दांडी हलायला लागायची. ती दोन बोटं कुठे जात होती ते केबलच्या टोकाशी दिसलं. टोकाच्या कडीत प्लॅस्टिकचा बुश असतो, एक रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान. तो दांडीवरच्या गोळ्यावर चिमटून बसतो. माझा बुश इंजिनाच्या उष्णतेने वाळून पिवळट झाला होता, एका बाजूने तडकला होता आणि गोल भोकाचं लांबट भोक झालं होतं. बोटाने कडी उचलली तर खडखड. म्हणजे हात जेवढा जोर लावतो, त्यातला काही त्या लांबट भोकातच विरतो, गिअर पूर्ण बसत नाही, आणि अर्धवट बसलेला गिअर धक्क्याला सुटून न्यूट्रलमध्ये येऊ शकतो. घाट उतरताना हे झालं तर इंजिनाचा ब्रेक गेला. म्हणून या छोट्या बुशला मी फार महत्त्व देतो.

पण बुशने ढिलेपणा येतो, जडपणा नाही. जडपणाचा शोध पुढच्या पायरीला लागला. दोन्ही केबलच्या कड्या दांड्यांवरून काढल्या. रुंद स्क्रू ड्रायव्हरने सावकाश उचकटायच्या, लॉक-क्लिप असेल तर आधी ती काढायची, आणि आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा. मग गिअरबॉक्सची दांडी हाताने हलवून पाहिली. टक, टक, टक, प्रत्येक गिअरची खाच स्पष्ट, दांडी लोण्यासारखी मऊ. आता लिव्हर हलवला, केबलच्या दुसऱ्या टोकाला काहीच जोडलेलं नव्हतं तरी तो तितकाच जड! गिअरबॉक्स निर्दोष होता. सगळा जडपणा केबलमध्ये होता.

गिअरच्या तक्रारीत मला सगळ्यात भरवशाची वाटते ती हीच चाचणी. केबल सुटी करा आणि दोन्ही बाजू वेगवेगळ्या हलवून बघा. दांडी जड तर आतलं किंवा शाफ्टच्या तोंडाशी गंज. लिव्हर जड तर केबल किंवा वाटी. अर्ध्या तासाचं काम आहे आणि त्यानंतर अंदाजाला जागा उरत नाही.

मग पावसाचा संबंध कळला. केबलच्या तोंडावर रबराची घडीदार टोपी असते, तिला बूट म्हणतात. माझ्या एका केबलचा बूट फाटलेला होता, कडा कुरतडल्यासारख्या, बहुधा उंदराचं काम. वायपरखालच्या जाळीत पानं साचून पाणी नेमकं त्या बाजूला गळत होतं आणि केबलवरून ओघळत बूटमधून आत शिरत होतं. आतली तार गंजायची, फुगायची, अस्तराला घासायची. दिवाळीनंतर वाळलं की थोडं मोकळं, जुलैत परत ओलं. तीन वर्षांचं वेळापत्रक त्या फाटक्या रबरात होतं.

मी मधल्या काळात काय करत होतो? गंज सोडवणारा स्प्रे फाटक्या बूटमधून आत मारत होतो. पंधरा दिवस बरं वाटायचं. पण तो स्प्रे पातळ असतो, उरलंसुरलं ग्रीस धुऊन नेतो आणि उडून जातो. त्यानंतर केबल आधीपेक्षा जास्त कोरडी. या केबल बंदिस्त असतात, आत प्लॅस्टिकचं अस्तर असतं, त्या तेल-पाणी करायच्या नसतातच. आत पाणी गेलं की बदलायच्या. दोन्ही केबल एकदमच बदला, एक गेली म्हणजे दुसरीचं वयही तेवढंच आहे. नव्या केबलबरोबर बुश नवे येतात का ते दुकानात विचारून घ्या. केबल बसवताना तिला तीव्र वळण देऊ नका, जुनी ज्या चिमट्यांतून गेली होती त्याच वाटेने न्या, आणि सायलेन्सरच्या पाइपाजवळ उष्णतेची ढाल असेल तर ती परत बसवा. शेवटी न्यूट्रलचं सेटिंग करावं लागतं. बऱ्याच गाड्यांत त्यासाठी लिव्हरला पिन घालून लॉक करायची सोय असते.

मी दोन्ही केबल बदलल्या, आणि जाळीतली पानं साफ करून पाण्याची वाट मोकळी केली. दुसरं काम केलं नसतं तर नवी केबलही दोन पावसाळ्यांत गेली असती.

लिव्हरच्या खालची बाजू याच वेळी बघा. मधलं कन्सोल काढलं की गोळा आणि वाटी दिसते. तिथे सांडलेला चहा, धूळ आणि वाळलेलं ग्रीस यांचा चिकटा साचतो. पुसून कोरडं करा आणि प्लॅस्टिकला चालणारं सिलिकॉन ग्रीस बोटाच्या पेराएवढं लावा. साधं ग्रीस काही रबरांना फुगवतं.

ऑइल : हिवाळ्याचं दुखणं

केबलनंतर पावसाळ्याची तक्रार संपली. जानेवारीत सकाळी दुसरा गिअर मात्र तसाच. हे ऑइलचं लक्षण. थंड ऑइल घट्ट असतं, सिंक्रो रिंगला ते शंकूवरून बाजूला सारायला वेळ लागतो, तोवर लिव्हर अडून राहतो. घाट चढता चढता ऑइल तापतं आणि गिअर मोकळा होतो.

गिअर ऑइलच्या डब्यावर दोन गोष्टी वाचायच्या. ७५डब्ल्यू-८०, ७५डब्ल्यू-९०, ८०डब्ल्यू-९० असे आकडे घट्टपणाचे. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला, तो जितका लहान तितकं ऑइल थंडीत पातळ. नंतरचा आकडा तापल्यावरचा. दुसरी गोष्ट जीएल-४ की जीएल-५. जीएल-५ मुख्यतः मागच्या चाकांच्या डिफरन्शियलसाठी, जिथे दात्यांवर प्रचंड दाब येतो. त्यासाठी त्यात गंधक-फॉस्फरसची रसायनं भरपूर असतात. ती सिंक्रोला लागणारं घर्षण कमी करू शकतात, आणि काही प्रकारांत पितळेलाही त्रास देतात. आपल्या गाड्यांच्या मॅन्युअल गिअरबॉक्सला बहुधा जीएल-४ सांगितलेलं असतं. पण माझा शब्द प्रमाण मानू नका, गाडीचं पुस्तक काढून जे लिहिलंय तेच घ्या.

माझ्या गाडीत काय निघालं? कधीतरी सर्व्हिसिंगला ‘९० नंबरचं’ घट्ट ऑइल, मोठ्या पिंपातलं, भरलं गेलं होतं. पुस्तकात ७५डब्ल्यू-८० होतं. कोणी वाईट हेतूने केलं असं मी म्हणत नाही. तेच ऑइल जीपला, टेम्पोला, सगळ्यांना जातं. आपण विचारत नाही, ते सांगत नाहीत.

बदलताना एक नियम कधीही मोडू नका. आधी भरायचा बोल्ट उघडा, मग खालचा सोडायचा. भरायचा बोल्ट गंजून अडकला आणि तुम्ही आधी ऑइल सोडून बसलात, तर गाडी जागेवरून हलवता येणार नाही. गाडी थोडी चालवून ऑइल कोमट करा, सगळं निथळतं. गाडी सपाट हवी. जॅकवर असेल तर खाली स्टँड हवेतच, नुसत्या जॅकखाली शिरू नका. खालच्या बोल्टला चुंबक असेल तर त्यावर राखाडी मलमासारखा थर दिसेल, तो नेहमीच्या झिजेचा, पुसून टाका. बोटाला टोचतील असे लोखंडाचे तुकडे दिसले, किंवा ऑइलमध्ये पिवळी चमकी तरंगत असेल, तर ते चांगलं लक्षण नाही. पिवळी चमकी म्हणजे सिंक्रोचं पितळ. वॉशर नवे घाला. बाजूला भरायचं भोक असेल तर ऑइल भोकाच्या कडेशी येऊन ओघळायला लागेपर्यंत भरायचं. काही गाड्यांत मोजूनच भरतात, तिथे पुस्तक. माझ्या गाडीत दोन लिटरच्या थोडं वर गेलं.

पहिल्या सकाळी फरक अर्धा, आठवड्याभरात पूर्ण. आता थंडीत दुसरा गिअर पहिल्या किलोमीटरला जरा सावकाश टाकतो, बस.

फाउंडेशन

ॲक्सिलरेटर दाबता-सोडताना लिव्हर स्वतःहून पुढे-मागे उडत असेल, तर इंजिनाचं फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्या रबरी आधारांवर बसवलेलं असतं ते, बघा. रबर फाटलं की इंजिन आणि गिअरबॉक्स डोलतात आणि केबलचं माप प्रत्येक झटक्याला बदलतं. केबलऐवजी सळईने गिअर टाकणाऱ्या जुन्या गाड्यांत तर ते डोलणं थेट हाताला लागतं. वळणावर दुसरा गिअर सापडत नाही आणि सरळ रस्त्यावर सापडतो, हेही त्याचंच लक्षण असू शकतं.

शॉर्ट शिफ्टर आणि जड नॉब

बाजारात लिव्हरची फेक, म्हणजे गिअर टाकताना लिव्हर जेवढा सरकतो ते अंतर, कमी करणारे किट मिळतात, त्यांना शॉर्ट शिफ्टर म्हणतात. तरफेचं गणित सोपं आहे. फेक पाव भागाने कमी केलीत तर तेवढ्याच कामाला हाताचा जोर सुमारे एक तृतीयांश वाढतो. जडपणाची तक्रार असताना शॉर्ट शिफ्टर बसवणं म्हणजे तक्रार विकत घेणं. सगळं ठीकठाक असेल आणि तुम्हाला आटोपशीर फेक आवडत असेल तर जरूर बसवा. जड नॉबचा, म्हणजे लिव्हरच्या टोकावरच्या वजनदार मुठीचा, फायदा मात्र खरा आहे. त्याचं वजन हालचालीला थोडा रेटा देतं आणि सिंक्रोचा हलका विरोध हाताला कमी जाणवतो. पण नॉबने दुखणं बरं होत नाही, झाकलं जातं, म्हणून तो शेवटी.

आणि खरंच आतलं असेल तर

क्लच पूर्ण सुटतोय, केबल मोकळ्या, ऑइल योग्य, फाउंडेशन धड, तरीही तापलेल्या गाडीत एकच गिअर खरखरतो आणि डबल क्लचने शांत होतो, तर त्या गिअरचा सिंक्रो झिजलाय. बहुधा दुसरा किंवा तिसरा, कारण त्यांचंच काम जास्त. तेव्हा गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. त्याच वेळी क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि मागचा ऑइल सील यांची अवस्था बघून घ्या. उतरवण्याची मजुरी एकदाच लागते. बदललेले जुने भाग परत मागा आणि रिंगेच्या आतल्या रेघा स्वतः बघा. नव्या रिंगेत त्या बोटाला खरखरीत लागतात, झिजलेलीत गुळगुळीत.

सिंक्रो आणि फोर्क लवकर का झिजतात, तर एक मोठं कारण डावा हात. गिअर टाकून झाला की हात लिव्हरवरून काढून स्टिअरिंगवर न्या. विसावलेल्या हाताचं वजन केबलमधून फोर्कवर जातं आणि फोर्क फिरत्या स्लीव्हवर सतत घासत राहतो.

माझ्या गाडीला केबल बदलून दोन पावसाळे झाले. दरवर्षी मे महिन्याच्या शेवटी मी बॉनेट उघडतो, वायपरखालच्या जाळीतली पानं काढतो, वरून तांब्याभर पाणी ओतून ते दोन्ही बाजूंनी खाली जातंय का बघतो, आणि टॉर्च मारून दोन्ही बूट दाबून पाहतो. यंदा उजव्या बुटावर परत दातांच्या खुणा दिसल्या. रबर फाटलेलं नव्हतं. नवा बूट मागवून ठेवलाय, मृग लागायच्या आत बसवीन.